गोधडीत अडकलेलं माझ्या सुईचं टोक

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि मला राग येतो. मशीनला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्यावर सहा पदरी गोधडी शिवून बघावी.

१९७१ साली शिवकन्येच्या लग्नात मी जालन्याहून टेंभुर्णीला आले. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पायाने चालणारी. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या शिवाव्यात एवढाच माझा जीव. तीन वर्षं ते काम मी इमानाने केलं. "शिवकन्याची मशीन बराबर चालती," असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचे.

मग चौऱ्याहत्तरच्या थंडीत शिवकन्येची नणंद बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. लेक बाळाला घेऊन सासरी निघाली की आईच्या लुगड्यांची गोधडी तिच्यासोबत जायलाच हवी, अशी या घराची रीत. आई म्हणजे मालनबाई, शिवकन्येची सासू. त्यांनी जन्मभर गोधड्या हाताने शिवल्या. पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, टाका कुठे पडतो तेच दिसेना. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला कोणी विचारलं का? बिलकुल नाही!

माझ्या सुईपासून खांद्यापर्यंत जागा वीतभर, आणि गोधडी बाजेएवढी. तिची वळकटी करून त्या वीतभर जागेत कोंबली. उरलेलं ओझं फळीवरून खाली लोंबायचं आणि सुईला ओढायचं. वरचं लुगडं पुढे सरकायचं, खालचं जागच्या जागी, मधे नुसत्या चुण्या. अर्ध्या ओळीतच खालच्या दोऱ्याची बॉबीन संपायची आणि वरून ते कळायचं नाही. शिवकन्या हातभर नुसती भोकं पाडत जायची. मग उसवा, पुन्हा शिवा.

तिचा नवरा सर्जेराव मदतीला आला. मदत कसली! चुलीजवळची बाटली आणून त्याने माझ्या सांध्यांत करडईचं तेल ओतलं. खायचं तेल! दोन दिवसांत ते चिकट झालं आणि माझं चाक हलेना. वर हाच म्हणतो, "मशीनच खराब हाय. इकून टाका." शिवकन्येने मला रॉकेलने पुसून काढलं. बाज शेजारी ओढून गोधडीचं ओझं तिच्यावर टेकवलं. तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

शिवणाच्या नवव्या दिवशी जावई तातेराव आष्टीहून घ्यायला आले. दुपारच्या एस.टी.ने निघायचं होतं आणि माझ्याखाली शेवटचा कोपरा होता. खट्! सुई कसल्यातरी कडक वस्तूवर आदळली आणि मोडली. वरचा तुकडा माझ्यात राहिला. टोक गोधडीत गेलं.

"दे बांधून," सर्जेराव म्हणाला. "गाडीचा टाइम झाला."

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. "ह्याच्यावर लेकरू निजणार हाय."

"येवढंसं टोक. काय व्हतंय त्यानं?"

"तुमच्या पाठीखाली ठिवू का मंग?"

तातेराव बाहेर ओट्यावर येरझाऱ्या घालू लागले. शिवकन्येने ब्लेड घेऊन एकेक टाका उसवला, एकेक पदर उचलला. आत भाकरीचा तुकडा होता. वाळून खापरीसारखा झालेला, आणि त्यात माझ्या सुईचं टोक रुतलेलं.

मालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "म्या ठिवला," त्या हळूच म्हणाल्या. "पयल्याच दिशी. गोधडी उपाशी धाडू न्हाई. माझ्या मायनं बी मला अशीच देल्ती. तुमी हसताल म्हून बोलले न्हाई."

"आत्याबाई, सांगितलं असतं तर तेवढा कोपरा सोडला असता की मी."

मला असा संताप आला! नऊ दिवस शिव्या मी खाल्ल्या आणि चूक कोणाची? पण टोक भाकरीनेच धरून ठेवलं होतं, म्हणून भाकरीला मी माफ केलं. माणसांना नाही.

शिवकन्येने दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून सुई पुरी झाल्याची खात्री केली. मग ताज्या भाकरीचा मऊ घास कोपऱ्यात ठेवला आणि ओवलेली सुई सासूच्या हातात दिली. मालनबाईंनी बोटांनी चाचपत तो कोपरा मिटवला. अकरा टाके, सगळे वाकडेतिकडे. तोवर एस.टी. निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना बेबीनंदा शेजारच्या झुंबरबाईंना गोधडी उलगडून दाखवत होती. "मायच्या हातची हाय," ती म्हणाली आणि रडली. मालनबाईही रडल्या. अकरा टाके मायचे, खरं आहे. बाकीचे शिवकन्येचे आणि माझे. आमचं नाव कोणी घेतलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला मशीनचंच तेल द्या. सुई मोडली तर तुकडे जुळवल्याशिवाय कापड हातावेगळं करू नका. आणि गोधडीच्या पदरांत काही ठेवलं असेल तर शिवणारीला आधी सांगा, लाजू नका. आतलं मला दिसत नाही, मला फक्त टोचता येतं. आणि त्यावर कोण निजणार आहे, हे मला कोणी सांगत नाही.