बारा दहाची गुरगुर

माझी ताई पुस्तकं वाचते आणि मी ती ऐकतो. दोघांनाही त्याचा पगार मिळतो, हे सांगितलं की लोक हसतात.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी चालवलेल्या एका बोलक्या ग्रंथालयात आम्ही काम करतो. ताई काचेच्या पलीकडे, बंद खोलीत माईकसमोर बसते. मी काचेच्या अलीकडे, यंत्रांपाशी. तिच्या कानांवर हेडफोन असतात, पण त्यांतून तिला फक्त माझ्या खोलीतला आवाज जातो, तोही मी समोरचं बटण दाबलं तर. स्वतःचा आवाज ऐकू आला की ती नटवून वाचायला लागते, म्हणून तो आम्ही पहिल्यापासून बंद ठेवलाय. बटण जुनं आहे, अधूनमधून आत अडकून बसतं. आम्हीही काही नवे नाही. एकवीस वर्षं झाली.

चांगला माईक फार चोंबडा असतो. पान उलटलेलं त्याला कळतं, खुर्ची कुरकुरलेली कळते, बाही टेबलाला घासलेली कळते. असं काही झालं की मी ताईला थांबवतो, ती ते वाक्य परत वाचते, आणि मी माझ्या वहीत वेळ टाकून खूण करतो. 'पा' म्हणजे पान, 'खु' म्हणजे खुर्ची, 'जी' म्हणजे जीभ अडखळली. दुपारी त्या वहीवरून खराब भाग कापतो आणि संध्याकाळी मॅडमसाठी सुवाच्य अक्षरात तक्ता करून देतो. मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या प्रमुख.

तीन वर्षांपूर्वी वहीत एक नवी खूण आली. 'पो'. पोट.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय. मी जिना चढून बघून आलो. वर कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर संशय घेतला आणि प्लंबरशी भांडलो. तिसऱ्या दिवशी कळलं, की आवाज ताईच्या पोटातून येतोय. लांबलचक, खालून वर चढत जाणारी गुरगुर, आणि शेवटी एखादा बुडबुडा.

आता जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला काचेआडून काय सांगायचं? मी बटण दाबलं आणि म्हणालो, "पान वाजलं. मागच्या वाक्यापासून घे." माझ्या वहीत 'पो' लिहिलं, मॅडमच्या तक्त्यात 'पा'. पुढची तीन वर्षं मी हेच केलं आणि स्वतःला फार समजूतदार समजत राहिलो.

ताईने पुस्तकांची पानं सुटी करून घेतली. टेबलावर फेल्टचं मऊ कापड अंथरलं. नखं बोटाला टेकतील इतकी बारीक कापली. "अजून वाजतंय?" ती विचारायची. "थोडंसं," मी म्हणायचो. एकदा तिने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "धाकट्या, खरं सांग, माझे हात कापतात का रे?" मी नाही म्हणालो. मग काय होतंय, ते मात्र सांगितलं नाही. तो प्रसंग मला आजही बोचतो.

गुरगुर दुधाने होते, असा संशय यायचं काही कारणच नव्हतं. आमच्या आईकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असायचं, पेलाभर दूध. गुडघा फुटला, दूध. नापास झालो, दूध. ताई त्यावरच वाढली आणि तिने ते कधी सोडलं नाही. दहाला वाचन सुरू व्हायचं, अकराला सुट्टी, आणि सुट्टीत तिचा थंडगार दुधाचा पेला ठरलेला. पर्समध्ये चीजचे तुकडे. घरी गेल्यावर दह्याचं भांडं मांडीवर घेऊन चमच्याने सरळ सुरुवात. "बारा वाजले की पोटात कावळे ओरडतात बघ," ती म्हणायची. भूकच ती, असं धरून तिने एका पेल्याचे दोन केले. वाचून उठल्यावर पोट फुगलेलं असायचं, मग ती कमरेचं बटण सैल करून मुकाट्याने घरी जायची. ते तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणाल तर माझं पोट दगड पचवतं. रात्री झोपताना मीही दूध घेतो. सकाळी थोडी जळजळ होते, त्यासाठी टेबलाच्या खणात गोळ्या ठेवलेल्या असतात. बसून काम करणाऱ्या कुणाच्या खणात त्या नसतात?

यंदा मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. समोर माझेच तक्ते.

"एका तासाच्या पुस्तकाला तुम्हा दोघांना चार तास लागतायत," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत चारशे बारा वेळा पान वाजलंय. ताईंबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे हात आता साथ देत नाहीत. यंत्राच्या आवाजात वाचून घ्यायचं, असं वर ठरत आलंय."

"यंत्राला पान उलटायला नको," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"तेच म्हणतेय मी. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, बारा वाजता मी स्वतः तुमच्याशेजारी बसते. चाळीस मिनिटांचं एक प्रकरण. तीनपेक्षा जास्त वेळा थांबावं लागलं, तर महिनाअखेर ताईंना निरोप देऊ."

बहिणीची लाज राखायला गेलो आणि तिच्याच पोटावर पाय दिला होता.

त्याच दुपारी मी ताईला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तीन वर्षं?"

"हो."

"मी हातांचे व्यायाम करत होते, मूर्खा. सकाळ-संध्याकाळ रबरी चेंडू दाबत होते." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मी संपत आले असं वाटून रडलेसुद्धा."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामापुरती वाचत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "वही काढ. खरी."

तिने ती मोठ्याने वाचली. सवयच तिला तशी. "सोमवार, बारा दहा, पो. बारा चोवीस, पो. मंगळवार, बारा पाच." पानामागून पान. मी तीन वर्षं रोज ती वही हाताळत होतो, पण कुठे काय कापायचं एवढंच बघत होतो. ताईला तासाभरात दोन गोष्टी दिसल्या. पावणेबाराच्या आधी एकही 'पो' नव्हता. आणि गेल्या वर्षी सलग दहा दिवस कोरे होते.

"तेव्हा काय झालं होतं?"

"ऑफिसचा फ्रिज बिघडला होता," मला आठवलं. "कंपनीचा माणूस येतो येतो म्हणून दहा दिवस आला नाही. तू रोज माझं डोकं खात होतीस."

"आणि बिनदुधाची कॉफी पीत होते. घरीही नेमकं तेव्हाच दूध बंद केलं होतं, सुट्टीवर जायचं होतं म्हणून." मग मान हलवून म्हणाली, "छे. दूध कसं असेल? दुधाने तर मला बरं वाटतं."

डॉक्टरबाईंनी वही बघितली आणि इतका नेटका रुग्ण आपल्याकडे कधी आला नव्हता, असं म्हणाल्या. एक-दोन तपासण्या केल्या, त्यात काळजीचं काही निघालं नाही. मग म्हणाल्या, दुधात एक साखर असते, वय वाढलं की पुष्कळ जणांना ती पचेनाशी होते. जिवाला धोका नाही, पण पोट फुगतं, दुखतं, गुरगुरतं. "आवडतं म्हणून सोसेलच असं नाही. दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद. काय खाल्लं, कधी खाल्लं, ते लिहायचं. मग एक दिवस पेलाभर पिऊन बघा."

पहिला आठवडा कठीण गेला. ताई चिडचिडी झाली. चौथ्या दिवशी ती ऑफिसचा फ्रिज उघडून नुसतीच उभी दिसली. "थंड हवा खातेय," म्हणाली. स्वप्नात आपण दह्याच्या दुकानात रांगेत उभ्या होतो आणि नंबर लागायच्या आत जाग आली, असंही तिने मला अगदी गंभीरपणे सांगितलं. दुधाची ऑर्डर महिन्याची होती. वाया कशाला घालवायचं, म्हणून अकराचा पेला मी घ्यायला लागलो. तिला मोह होऊ नये म्हणून काचेच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून.

वहीत मात्र 'पो' दिसेना. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. नवव्या दिवशी बारा दहाला माझ्या कानात कपाट सरकलं.

मी बटण दाबलं. "पोट. मागच्या वाक्यापासून." हल्ली मी खरं सांगत होतो. "काय प्यायलीस?"

"काही नाही."

"ताई, माईकसमोर खोटं चालत नाही."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बाहेर आली. "तीन वर्षं खोटं कोण बोललं, ते आधी आठव," म्हणाली, आणि मला हाताला धरून पॅसेजमध्ये नेलं. तिथल्या पैसे टाकून खाऊ देणाऱ्या यंत्रातून तिने अकरा वाजता टोमॅटोच्या सूपचं पाकीट घेतलं होतं. कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढून तिने त्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. आवाज तोच, पुस्तकं वाचायचा. टोमॅटो, साखर, मीठ, पीठ, तेल, लसणाची पूड, आणि आठव्या जागी दुधाची भुकटी.

तिचा चेहरा पडला, आणि माझाही.

त्या दिवसापासून ती हातात येईल ते पाकीट वाचायला लागली. ब्रेडमध्ये दूध, बिस्किटांत दूध, डोकेदुखीच्या गोळीतसुद्धा दुधातली साखर. त्या दिवशी आम्ही आपापल्या जागी परत गेल्यावर मी बटण दाबलं आणि म्हणालो, "चुकलो."

"माफी मागायची तर इकडे येऊन माग," ती काचेपलीकडून म्हणाली. मी गेलो.

दोन आठवडे झाल्यावर एका शनिवारी तिने पेलाभर दूध घेतलं आणि आम्ही माईक लावून बसलो. बारा आठला सुरू झालं. मी तिला बाहेर बोलावलं, माझे हेडफोन तिच्या कानावर ठेवून तेवढा भाग परत लावला आणि तिने पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं?" म्हणाली. "आणि मी पानांना दोष देत होते." मग म्हणाली, "बंद कर आता, दुखतंय."

वीस तारखेला मॅडम पावणेबाराला आल्या आणि माझ्याशेजारी हेडफोन लावून बसल्या. ताईने सकाळपासून फक्त भात, उकडलेली भाजी आणि पाणी घेतलं होतं, यादी तिने मला दाखवली. मी बटण दाबून "सुरू कर" म्हणालो आणि ताई वाचू लागली.

एकदा पान खरंच वाजलं. एकदा एका लांबलचक आडनावावर ती अडखळली. दोन्ही वेळा मी सांगायच्या आत तिनेच वाक्य परत वाचलं. बारा दहाला मी श्वास रोखून धरला. काही नाही, नुसता तिचा आवाज, सरळ, संथ. त्यानंतर एक-दोनदा तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, घाबरली आहे. मी मान हलवून धीर दिला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण वाचन थांबलं नाही. चाळीस मिनिटं संपली तेव्हा माझ्या वहीत दोनच खुणा होत्या.

मॅडमनी हेडफोन काढले. "हे असं वाचणार असतील, तर यंत्राचं मी वर बघून घेते," म्हणाल्या, आणि तक्त्यावर सही करून गेल्या.

मला रडू आलं, हे कबूल करायला हरकत नाही. ताई बाहेर आली तर मी डोळे पुसत होतो. तिने माझ्या टेबलावरची वही ओढली, पेन्सिल घेतली आणि माझ्या दोन खुणांच्या खाली आपल्या अक्षरात लिहायला लागली. बारा नऊ, पो. बारा तेरा, पो. बारा एकोणीस, पो.

"हे कुठून आलं?" मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं नाही."

तिने बटणाकडे बोट दाखवलं. ते आत अडकून बसलं होतं. चाळीस मिनिटं काचेच्या अलीकडचं सगळं तिच्या कानात जात होतं.

"कपाट सरकवल्यासारखं," ताई म्हणाली. "खालून वर. शेवटी बुडबुडा."

टेबलाच्या कोपऱ्यावर अकराचा रिकामा पेला होता. त्याच्या खालच्याच खणात माझ्या गोळ्या होत्या.

"मग थांबली का नाहीस? सांगायचंस."

"मनात आलं होतं, पान वाजलं म्हणून सांगावं." ती म्हणाली. "पण तू माझ्याशी जसं वागलास तसं मी तुझ्याशी वागणार नाही."

तिने पर्समधून एक कोरी वही काढली. खाण्याच्या नोंदी लिहायला आणलेल्या दोनांपैकी ही उरली होती. पहिल्या पानावर तारीख घातली आणि पहिली ओळही तिनेच लिहिली, 'अकरा वाजता. दूध, एक पेला. ताईच्या वाटचं.' मग वही आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पुढचं तू लिही. आणि खरं लिही."