नुसता भात

“परत बोट चाटलंत ना?” रक्तातल्या साखरेचा आकडा ऐकताच सुकिनेम दवाखान्याच्या बाकावरच नवऱ्यावर उखडली.

“नाही गं,” वागिमान म्हणाला.

“मग काय हवेतून वाढते?”

वागिमानचा जन्म माडाच्या रसाचा गूळ करण्यात गेला होता. उकळत्या पाकाचा थेंब जिभेवर ठेवल्याशिवाय त्याने कधी कढई उतरवली नाही. रक्ताच्या कॅन्सरवर पहिली गोळी लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी नवी दिली. कॅन्सर आटोक्यात आला, पण साखर चढली. म्हातारा चोरून खातो, अशी सुकिनेमने मनाशी खूणगाठच बांधली. तिने त्याला चुलीपुढून उठवलं आणि चव बघायला त्याच्या धाकट्या भावाला बसवलं. गावभर बोभाटा केला तो वेगळाच.

“एवढे खरे असाल, तर देवापुढे मुतिहचं व्रत धरा,” एक दिवस ती म्हणाली.

त्याने खरोखरच ते व्रत धरलं. नुसता पांढरा भात आणि पाणी. ना मीठ, ना गोड. माणूस वाळला, पायाची बोटं काळी पडली आणि साखर आणखीच चढली.

“देवालाही फसवता?” ती म्हणाली. त्यानंतर त्याने खुलासे करणं सोडून दिलं.

दोन बोटं कापावी लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. “इबू,” आईला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, “ही नवी गोळीच साखर चढवते. कोलेस्टेरॉल वाढवते, शिरा अरुंद करते. आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि नुसता भात? त्याने तर भरच पडली. कुणी सांगितलं त्यांना?”

“मी,” सुकिनेम कशीबशी म्हणाली.

घरी आल्यावर तो बाजेवर टेकला. ईदच्या सकाळी माफी मागायला थोरांपुढे बसतात तशी ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“हे काय? ईदला अजून अवकाश आहे.”

“अहो, चुकलं माझं. फार चुकलं. उद्यापासून चव तुम्हीच बघा.”

“राहू दे. भाऊ बघतोय. माझ्या जिभेवर आता गावात कोण विश्वास ठेवणार?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. पाय धरायला तिने हात पुढे केले, पण पट्टी बांधलेल्या पावलाला नेमका कुठे हात लावावा, ते तिला कळेना.