एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क

दुसऱ्या कप्प्यावरचा हिरवा दिवा आधी भराभर लुकलुकला, मग संथ झाला आणि शेवटी स्थिर राहिला. म्हणजे डिस्क धडधाकट होती. तरीही सर्व्हर तिला आत घ्यायला तयार नव्हता.

"काय गं ताई, झालं काय?" धाकटा भाऊ तिच्या खुर्चीच्या पाठीवर रेलला. "तुझी ही लिनक्स सिस्टिमही तुझ्यासारखीच. मला पाहिलं की तोंड वाकडं."

संशोधन संस्थेचा हा सर्व्हर तीच सांभाळायची. वरच्या कप्प्यात तिची डिस्क कायमची बसवलेली होती. गुहांच्या तोंडाशी डास मारत बसून तिने वर्षानुवर्षं टिपलेले वटवाघळांचे आवाज त्यात होते. खालच्या कप्प्यात आज त्याची डिस्क आली होती. तीही वटवाघळांचीच. त्या संग्रहाच्या जोरावर त्याला याच संस्थेत तिच्या वरची जागा मिळाली होती.

निवडीच्या दिवशी त्याने सगळ्यांना एक आवाज ऐकवला. त्यात मागे कुणीतरी घसरून पाण्यात पडल्याचा 'धपकन्' आवाज ऐकू आला आणि मंडळी हसली. ती हसली नाही. पडणारी तीच होती. 'तुझी डिस्क जळली-बिळली तर असावी' म्हणत त्याने काढून ठेवलेली जादा प्रत तिला तेव्हा आठवली.

"सख्खा भाऊ आहे, पोटात घाल," आई म्हणाली होती. "त्याचं बस्तान तरी बसू दे." तिने पोटात घातलं. पण ते काही पचलं नाही. मग एका बैठकीत, अगदी साळसूद चेहऱ्याने, तिने सुचवलं की दोन्ही संग्रह एकाच मशीनवर ठेवावेत, म्हणजे तुलना सोपी जाईल. सगळ्यांत आधी 'हो' तोच म्हणाला होता.

पडद्यावर काय येणार हे तिला ठाऊक होतं. तरी सर्व्हरचा तो नकाराचा संदेश तिने चवीने वाचला. मग दोन्ही डिस्कचे ओळखक्रमांक एकाखाली एक काढले.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

"अगं, केवढा लांबलचक आहे!"

"वाच की. शिकलेला आहेस."

त्याने वरचा क्रमांक वाचला. खालचा वाचायला घेतला आणि अर्ध्यावर पुन्हा वरच्याकडे पाहिलं.

"जुळला असेल योगायोगाने," तो म्हणाला.

"योगायोगाने आपली नाकं जुळली. हे तसं जुळत नाही."

डिस्क पहिल्यांदा तयार करताना तिला हा क्रमांक मिळतो, प्रत्येकीला वेगळा. एकाच क्रमांकाच्या दोन दिसल्या की सर्व्हर गोंधळतो आणि दुसरीला दाराबाहेर ठेवतो. त्याने एकेक फाइल उतरवून घेण्याचे कष्ट केले असते, तर त्याच्या डिस्कचा क्रमांक वेगळा राहिला असता. पण त्याने अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलली होती. फोल्डरची नावं बदलली, तारखा बदलल्या, क्रमांक तेवढा तसाच राहिला. शाळेत तिचा गृहपाठ उतरवताना त्याने वरचं तिचं नावही उतरवलं होतं. तेव्हा छडी तिनेच खाल्ली होती.

"मग बदल ना तो," तो हळूच म्हणाला. "एका ओळीचं तर काम आहे."

"एका ओळीचंच."

"मग?"

तिने ती ओळ टाइप केली. त्याने सुटकेचा श्वास सोडला. तो नीट सुटेपर्यंत ती थांबली आणि मग एकेक अक्षर मागून पुसत गेली.

"ताई, वेडेपणा करू नकोस. आईला काय सांगशील?"

"तू सांग. तुला गोष्टी रचून छान सांगता येतात."

दार उघडलं. संस्थेच्या प्रमुख चष्मा पुसत आत आल्या. "काय, लागली का डिस्क?"

"किरकोळ अडचण आहे, मॅडम," तो घाईने म्हणाला. "ताई करतेय." त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा, तसाच घट्ट.

तिने तो हात उचलून बाजूला ठेवला, खुर्ची वळवली.

"अडचण काहीच नाही, मॅडम. ही डिस्क माझ्या डिस्कची नक्कल आहे. आतला प्रत्येक आवाज मी टिपलाय. आणि माझ्या भावाविरुद्ध मी तक्रार करतेय."