आतले कुलूप आणि बाहेरचे

सामानाच्या पट्ट्यावरची शेवटची बॅग कुणीतरी उचलली, पट्टा थांबला, आणि मोठे काका त्या रिकाम्या पट्ट्याकडे, भर मांडवात पाठ फिरवणाऱ्या सोयऱ्याकडे पाहावे तसे पाहत राहिले. नमुन्यांचा लोखंडी डबा आला होता, पुतणीची बॅग आली होती. काकांची बॅग मात्र, धापा टाकत विमान बदलले त्या मधल्याच विमानतळावर राहिली होती.

"कपडे जाऊ देत हो काका," चिमी म्हणाली. ती शिकून इंजिनिअर झाली तरी घरात तिची चिमीच राहिली होती. "दुपारी मीटिंग, संध्याकाळी परतीचं विमान. निभेल."

"कपड्यांसाठी कोण रडतंय? मोज्यात किल्ली आहे!"

प्रवासाने मिटू पाहणारे चिमीचे डोळे खाडकन उघडले.

त्यांच्या कुलपांच्या कारखान्यात आजोबांपासून एक शिस्त होती: कुलूप आणि त्याची किल्ली एका सामानातून जायची नाहीत. डबा चिमीच्या नावावर चढवला, म्हणून किल्ली काकांनी आपल्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवली. दुसरी किल्ली घरच्या तिजोरीत होती.

डब्यात काकांचे खटक्यांचे कुलूप होते. वर्षानुवर्षे खपलेले, नावाजलेले. आतली रचना दिसावी म्हणून उभा कापलेला त्याचा एक नमुनाही होता. लॉकर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला तो दाखवून ऑर्डर मिळवायची, यासाठी हा सारा खटाटोप. डब्याला बाहेरून लावलेले कुलूप मात्र चिमीचे होते. फिरत्या चकत्यांचे हे नवे कुलूप तिने दोन वर्षे खपून घडवले होते. काकांनी ते हातात खेळवले आणि म्हटले होते, "छान आहे. पण गिऱ्हाइकापुढे नको, अजून याची परीक्षा झालेली नाही. डब्याला लाव, सामान तरी राखेल." चिमीने ते मुकाट्याने लावले होते. काकांच्या कुलपाला ही ऑर्डर मिळाली की सगळी यंत्रे त्याच कामाला जुंपली जाणार आणि आपले कुलूप फडताळात पडून राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होते.

हॉटेलची खोली दुपारपर्यंत मिळणार नव्हती. दोघे दर्शनी दालनातल्या कोचावर कोसळली. काकांच्या शर्टावर विमानातल्या चहाने नकाशा काढला होता. सुजलेले पाय बुटात मावेनात म्हणून टाचा बाहेर होत्या. तरीही त्यांनी डबा मांडीवर घेतला.

"तुझ्या केसांतल्या पिना दे."

"काका, इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय मुहूर्त काढू? जन्म गेला यात. पाच मिनिटांत उघडतो."

पहिली पीन वाकली, दुसरी तुटली. काकांनी कान डब्याला लावला. समोरच्या स्वागतकक्षातला तरुण पहारेकऱ्याच्या कानाशी लागला आणि पहारेकरी पट्टा सावरत आला.

"आमचाच डबा आहे," चिमीने घाईघाईने त्याच्या भाषेत सांगितले. "कुलूपही आमचंच. आम्हीच बनवलंय."

"मग उघडत का नाही?"

"चांगलं बनवलंय म्हणून!"

पहारेकरी चक्रावून सामानाच्या चिठ्ठ्या तपासू लागला. त्या चिमीच्याच नावाच्या निघाल्या आणि तो डोके हलवत परतला. काका घामाघूम झाले होते. त्यांची धडपड पाहून चिमीला राहवेना. कारखान्यातल्या किती जणांच्या घरची चूल या ऑर्डरवर पेटणार होती! आपल्या कुलपाच्या मानापायी ती विझवायची?

"काका, एक सांगू? तिसरी चकती थोडी सैल आहे. ताण दिलात तर बोटाला कळेल. तिच्यावरून बाकीच्या सापडतील. मला तरी तीच एक वाट दिसते."

काकांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. मग पीन आत सारली. "लागली... फिरली... बसली!" ते ओरडले. दोघांनी श्वास रोखला. कडी मात्र जागची हलली नाही.

"अगं, बसली ना?"

"खोट्या खाचेत बसली," चिमी हळूच म्हणाली. फसवायला म्हणून तिने ती खाच ठेवली होती; ती खरोखर फसवील याची तिलाच खात्री नव्हती. तिच्या छातीत एकदम ढोल वाजू लागले, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली.

"कार्टे," काका पुटपुटले, "काकालाच चकवलंस!"

स्वागतकक्षातल्या तरुणाने दया येऊन एक जादा कोट दिला. बाह्या आखूड, छातीवर हॉटेलचे चिन्ह. बंद डब्यासकट दोघे कंपनीत पोहोचली, तर दारातच एका पाहुण्याने हमाल समजून काकांच्या हाती सरळ आपली बॅग ठेवली. काकांनी ती शांतपणे आत पोहोचवलीही.

खरेदी विभागाच्या बाई आणि कार्यशाळेचे प्रमुख वाट पाहत होते. बनवाबनवी करण्याइतके त्राण दोघांतही नव्हते. चिमीने घडले ते जसेच्या तसे सांगितले. बाई आधी गंभीरपणे ऐकत होत्या, मग त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे कुलूपवाल्यांनाच कुलूप उघडत नाही?"

प्रमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या, हत्यारांचा कप्पा ओढला आणि डबा दिव्याखाली घेतला. वायरी झाल्या, आकडे झाले, ठोकाठोक झाली. आजूबाजूची यंत्रे बंद करून कामगार गोळा झाले. चकती बसल्याचा आवाज आला की सगळे पुढे झुकत, आणि कडी हलली नाही की एकच गलका उठे.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकांची बॅग हॉटेलवर पोहोचली होती. गाडी पाठवली की किल्ली हातात! ती घुटमळली. काकांना तरी हे सांगणे भाग होते.

"काका, बॅग आली. किल्ली आणवू? तुमचं कुलूप दाखवता येईल."

दिव्याखाली वाकलेल्या त्या अनोळखी माणसाकडे, त्याच्या कपाळावरच्या घामाकडे काका बघत राहिले. मग ताठ उभे राहिले.

"बाईंना सांग. आतलं कुलूप माझं आहे, चांगलं आहे. पण ते मला किल्लीशिवाय उघडता येतं. हे नाही आलं."

चिमी बाईंकडे वळायचे सोडून काकांकडेच बघत राहिली.

"अगं, सांग ना! मला काय यांची भाषा येते?"

तिने अडखळत सांगितले. बाईंनी प्रमुखांकडे पाहिले. त्यांनी मान वर न करताच होकार दिला. पहिला माल कधी मिळेल, असे बाईंनी काकांना विचारले. चिमीने अर्थ सांगताच काकांनी आखूड बाहीचा हात पुतणीकडे केला. "तिला विचारा. कुलूप तिचं, शब्दही तिचा."

"आधी थोडीच देऊ," चिमी म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "तुमच्या माणसांनी ती फोडून बघावीत. टिकली तरच मोठी ऑर्डर द्या."

"कबूल," बाई म्हणाल्या. "फक्त हा डबा इथेच राहू दे. नाहीतर आमचे प्रमुख आज घरी जायचे नाहीत."

हॉटेलवरून बॅग उचलून दोघे टॅक्सीत बसली तेव्हा त्यांच्या अंगात उभे राहण्याचेही बळ नव्हते. झोप मात्र दोघांनाही शिवली नाही.

"कडी जरा जाड केली तर?" काकांनी विचारले.

"जाड केली तर चकत्यांना जागा उरणार नाही."

"मग पोलाद बदलू. आणि ती खोटी खाच एकाच चकतीला का गं? दोघींना दे की!"

"दोघींना दिली तर किल्ली अडकते. मी करून पाहिलंय."

"कशी अडकते? काढून दाखव!"

चिमीने विमान कंपनीच्या पाकिटावर चकती काढली. काकांनी पेन हिसकावून ती खोडली, तिने ते परत हिसकावले. विमानतळ आल्याचे टॅक्सीवाल्याला तिसऱ्यांदा, चांगले ओरडून सांगावे लागले.