चार भोकांची पेटी आणि काठीवरचं सफरचंद

मी एक जुनी आवाजाची पेटी आहे, मित्रांनो. लोक मला साउंड कार्ड म्हणतात. माझ्या पाठीला चार भोकं आहेत. एक-दोनमधून आवाज मोठ्या स्पीकरना जातो, तीन-चारमधून वाजवणाऱ्याच्या हेडफोनला. कुठला आवाज कुठे पाठवायचा, ते माणसाने लॅपटॉपमध्ये सांगायचं. मी फक्त हुकूम पाळते.

दक्षिण सर्बियातल्या तिहोमिरकडे मी अकरा वर्षं लग्नं वाजवली. लोक नाचून दमले की त्याची पाठ थोपटायचे. मला कोण विचारतो!

मग सावका नावाच्या पोरीच्या लग्नाची ती दुपार आली. अंगणात उंच काठीच्या टोकाला सफरचंद टांगलं होतं. नवरदेवाने ते गोळीने पाडल्याशिवाय आमच्याकडे नवरी उंबरा ओलांडत नाही. फाटकातच सावकाचा भाऊ वुकाशिन बाटली घेऊन आडवा आला.

"पी रे तिहोमिर! नाही म्हणालास तर माझ्या गेलेल्या बापाचा अपमान!"

एकाचे तीन पेले झाले. त्या नादात तिहोमिरने आधी लॅपटॉप सुरू केला आणि मला मागाहून जोडलं. लॅपटॉपने मला ओळखलंच नाही, जुनी मांडणी पुसली गेली. त्याने ती घाईघाईत हाताने केली आणि नेमकी उलटी केली. स्पीकरचा आवाज तीन-चारला, हेडफोनचा एक-दोनला. हळू आवाजात वाजवून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण सावकाची आई देसान्का कडाडली, "सफरचंद पडेपर्यंत माझ्या अंगणात एक सूर वाजला तर बघ! अपशकुन नको."

नवरदेव बोरिवोयेने नेम धरला. काठी हलू नये म्हणून वुकाशिनने ती खाली घट्ट धरली होती. तेवढ्यात तिहोमिरला यादीत सावकाच्या बापाच्या दफनाला वाजवलेली शोकधून दिसली. तीच आहे ना, एवढं हेडफोनमध्ये ऐकून पुसून टाकावी म्हणून त्याने बटण दाबलं.

मी हुकूम पाळला. अख्ख्या अंगणात मरणाची धून घुमली.

देसान्का किंचाळून कोसळली. बोरिवोये दचकला, बंदुकीची नळी खाली आली आणि गोळीने वुकाशिनची दोन बोटं उडवली. काठीवरून रक्त ओघळलं.

"मुद्दाम वाजवलंस, कुत्र्या!" वुकाशिन तिहोमिरवर ओरडला.

मग खुर्च्या उडाल्या, बाटल्या डोक्यांवर फुटल्या, सोयऱ्यांनी सोयऱ्यांचे दात पाडले. वुकाशिनने रक्ताळल्या हाताने मलाच उचललं आणि तिहोमिरच्या कानशिलात हाणलं. माझा कोपरा चेपला, त्याचा डावा कान कायमचा गेला. सफरचंद वरच राहिलं. वऱ्हाड परतलं आणि सावका लग्नाच्या पोशाखात खिडकीशी उभी राहिली. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं.

मी दोन वर्षं फळीवर धूळ खात पडले. मग एक दिवस तिहोमिरने मला पुसलं. दोन्ही घरांचं मिटलं होतं. तेच अंगण, तेच नवरा-नवरी. कुणीतरी त्याच्यापुढे पेला धरला, तो वुकाशिनने तीन बोटांच्या हाताने बाजूला सारला.

"आधी पेटी जोड. मग लॅपटॉप. मग पी."

मित्रांनो, आम्ही यंत्रं आंधळी असतो. आम्हाला काय सांगितलंय, ते एकदा हळू आवाजात तपासून बघा. सणावाराच्या घाईतसुद्धा बघा.

तिहोमिर बटणावर बोट ठेवून थांबला. त्याने भीतभीत देसान्काकडे पाहिलं.

"वाजव बाबा, हळू वाजव," म्हातारी म्हणाली. "मी कान झाकून घेते."

सूर बरोबर भोकातून गेला. गोळी सुटून सफरचंद पायाशी पडेपर्यंत तिने कानांवरचे हात काढले नाहीत.