सीझन संपेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात कोणी खोटं बोलत नाही. फक्त "नंतर सांगू" म्हणतात. शैलजा आणि तिचा नवरा गुरुनाथराव, दोघंही यात पटाईत. आमचे हे गेल्यावर मी अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला त्यांच्याकडे राहायला आले, आणि तेव्हापासून याच एका गोष्टीवरून मी त्या दोघांशी भांडत आलेय.

त्यांचा एकुलता एक मुलगा परीक्षित फुटबॉलचा कोच. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, इथला, हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळायचा. त्यातही तो अख्ख्या टीमचा कोच नाही. समोरचे बॉल घेऊन आले की त्यांना अडवायला पहिल्या रांगेत चार धिप्पाड पोरं उभी असतात, तेवढ्या पोरांचा तो कोच. डिफेन्सिव्ह लाइन म्हणतात त्या रांगेला. मला हे सगळं त्यानेच शिकवलं, स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर वाकून उभं करून. "मावशी, हात आधी, अंग नंतर," असं ओरडायचा. माझी कंबर धरली आणि शैलजा पोट धरून हसली.

शाळेत असताना तो स्वतःच त्या रांगेत खेळायचा. अंगाने आडवातिडवा, आमच्या काटकुळ्या घराण्यात हा भीमसेन कुठून आला कोण जाणे. कॉलेजात गेल्यावर गुडघा गेला आणि खेळ संपला. गुरुनाथराव तेलकंपनीत जन्मभर इंजिनिअर. त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला, आता पोरगं अभ्यासाला लागेल. कसलं काय! पोरगं तिथल्याच कोचच्या हाताखाली राबायला लागलं.

मग सुरू झाली वणवण. आधी नेब्रास्का. तिथे मॅचचे व्हिडिओ कापायचे, मोठ्या कोचना जेवण आणून द्यायचं आणि ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचं. मग कॅन्सस, तिथे तेच काम, फक्त सोफा नवा. मग ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात पहिल्यांदा स्वतःची लाइन मिळाली. तिथे जरा स्थिरावतोय तोच हेड कोचला काढलं, आणि या धंद्यात हेड कोच गेला की त्याच्याबरोबर सगळ्यांचीच पथारी उचलली जाते. मग टेनेसी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, याचं गाडीच्या डिकीत. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची ऋता नावाची एक गोड मुलगी होती, लग्न ठरत आलं होतं. तिने एवढंच विचारलं, की पुढच्या वर्षी आपण कुठे असू? याला सांगता आलं नाही. संपलं तिथेच.

तरी तो त्या कामावर जीव टाकायचा, हे मी बघितलंय. नवी पोरं निवडायला गावोगाव फिरायचा, त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून त्या वाढतील ते खायचा, आणि तुमच्या मुलाला मी सांभाळीन म्हणून शब्द द्यायचा. सांभाळायचाही. कोणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कोण घरच्या आठवणीने रडतो, सगळं त्याला माहीत. स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात मात्र वर्षातून चार दिवस दिसला तर नशीब.

महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की गुरुनाथराव सांगायचे, मुलगा कॉलेजात शिकवतो. लोक समजायचे प्रोफेसर. झाकली मूठ सव्वा लाखाची. ओहायोची नोकरी गेली तेव्हा मात्र फोनवर त्याला म्हणाले, "याला करिअर म्हणतात का रे?" नंतर कितीतरी महिने फोन फक्त आईला यायचा.

गेल्या वर्षी त्याला मिसिसिपीतल्या एका मोठ्या कॉलेजात जागा मिळाली आणि गुरुनाथरावांचा नूरच पालटला. त्या टीमच्या मॅचेस टीव्हीवर दिसतात. टीमची टोपी मागवली काय, ह्यूस्टनच्या त्या घामट उकाड्यात ती घालून मंडळाच्या गणपतीला गेले काय. भेटेल त्याला सांगायचे, "आमचा परीक्षित डिफेन्सिव्ह लाइनचा कोच आहे. शनिवारी बघा." लोक टाळायला लागले, तरी यांचं आपलं चालूच. शैलजा म्हणायची, पमाताई, इतक्या वर्षांनी बापाला मुलगा आवडायला लागलाय, बोलू दे त्यांना. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

या ऑगस्टमध्ये त्यांचं पोट दुखायला लागलं, आणि तपासण्या झाल्यावर कळलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, दिवाळी दिसली तर दिसली.

घरी आल्यावर गुरुनाथराव खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सीझन संपेपर्यंत परीक्षितला काही सांगायचं नाही. ही त्याची परीक्षा आहे."

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. परीक्षेला बसलेल्या मुलाला घरातली वाईट बातमी सांगायची नाही, हा आपल्याकडचा धर्म. माझ्या मॅट्रिकच्या वेळी आमचे धाकटे काका वारले, ते मला शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर कळलं. तोवर सगळे माझ्यासमोर हसत होते, मला दही-साखर देत होते. ते हसणारे चेहरे मी आजतागायत विसरलेले नाही. म्हणून मी भांडले. म्हटलं, मॅट्रिकचा पेपर आणि बाप एकाच तराजूत घालता? पोराला काय वाटेल याचा विचार कराल की नाही? शैलजा म्हणाली, पहिल्यांदा त्याचं बस्तान बसतंय, तो सगळं टाकून इथे येऊन बसेल आणि ही नोकरीही जाईल. गुरुनाथरावांनी तर मला शपथच घातली. नोव्हेंबरअखेर सीझन संपतो, तोवर मी टिकतो, म्हणाले. जसं काही ते त्यांच्या हातात होतं.

मग दर रविवारचं ते नाटक. परीक्षितचा फोन रविवारी यायचा. त्याआधी गुरुनाथराव उशीला टेकून बसायचे, घसा खाकरायचे आणि जुना दणदणीत आवाज कुठून तरी ओढून आणायचे. व्हिडिओ कॉल बंद, कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं होतं. ऑक्टोबरात परीक्षितही म्हणाला, माझाही फोन पडला, असाच बोलत जाऊ. मी मनात म्हटलं, चला, देवानेच सोय केली.

टीम हरत होती. शनिवारी मॅच लागली की गुरुनाथराव टीव्हीचा आवाज बंद करायला लावायचे, सहन व्हायचा नाही त्यांना. पण डोळे पडद्यावर. कॅमेरा मैदानाच्या कडेवरून फिरला की टोप्या घातलेली, कानाला हेडफोन लावलेली माणसं क्षणभर दिसायची आणि हे बोट वर करायचे. "तो बघ परीक्षित." मला काही दिसायचं नाही, शैलजालाही नाही. आम्ही दोघी हो म्हणायचो.

नोव्हेंबर लागला तसं खाणं सुटलं. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्यांची, नर्स रोज घरी यायला लागली. एका गुरुवारी सकाळी तिने आम्हा दोघींना बाहेर बोलावून सांगितलं, ज्याला बोलवायचं असेल त्याला आज बोलवा, मी दुपारी परत येते.

आणि शैलजा, माझी सख्खी बहीण, मला म्हणते, परवा मॅच आहे गं, रविवारी सांगू.

माझं डोकंच फिरलं. तिला काय काय बोलले ते पुन्हा सांगवत नाही. शपथ गेली खड्ड्यात म्हटलं आणि फोन उचलला. परीक्षित घेईना. मेसेज टाकावा तर असलं काही लिहायला बोटं चालेनात. प्रॅक्टिसवर असेल म्हणून सरळ कॉलेजच्या फुटबॉल ऑफिसला फोन लावला. एक मुलगी बोलली, फार आर्जवी. म्हणाली, सॉरी मॅम, ते आता आमच्याकडे नसतात. तीन आठवडे झाले.

मला वाटलं तिची काही गल्लत झाली. दोनदा विचारलं. मग तिने सांगितलं की टीम हरायला लागल्यावर डिफेन्सचे दोन कोच काढले, त्यातला एक परीक्षित. शैलजा विचारत होती काय झालं, काय झालं, मी तिला हातानेच थांबवलं.

परत त्याला फोन लावला. या वेळी त्याने उचलला. मी म्हटलं, अरे, तुझ्या ऑफिसात फोन केला होता मी.

तो म्हणाला, "मावशी, बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू. प्लीज. त्यांनी सगळ्यांना सांगितलंय गं. दुसरीकडे लागलं की मीच सांगतो."

डोळ्यांपुढे आले ते तीन शनिवार. बाप इथे पडद्यावर पोराला शोधत होता आणि पोरगा तिथे खोलीत बसून तीच मॅच बघत असणार. मला त्याला आधी एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मग पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं. म्हणून सांगून टाकलं, सरळ, एका दमात. ऑगस्टपासूनचं सगळं. त्याने एकच विचारलं, "ऑगस्टपासून?" आणि फोन ठेवला. त्या गावाला धड विमानतळ नाही, तो गाडीनेच निघाला. आठ तासांचा रस्ता.

शैलजाला मी खाली बसवून नोकरीचं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे तो मोकळा होता?" हो, म्हटलं. तिने तेच पुन्हा विचारलं. मग उठली आणि नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. परीक्षित निघालाय म्हणून त्यांच्या कानात सांगितलं. त्यांचे डोळे जरासे हलले असं ती म्हणते. मी पाहिलं नाही, पण मी तिच्याशी वाद घालणार नाही.

दुपारी, नर्स यायच्या थोडं आधी, गुरुनाथराव गेले. काही धडपड नाही, की शब्द नाही. एक श्वास आला आणि पुढचा आलाच नाही. शैलजाने त्यांचा हात सोडला नाही. नर्सने येऊन बघितलं, आपलं काम केलं आणि फोन करायला बाहेरच्या खोलीत गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. परीक्षित. ब्यूमाँटला पेट्रोल भरायला थांबलोय, म्हणाला, दोन तासांत पोचतो.

"बाबा जागे आहेत?"

मी शैलजाकडे बघितलं. तिने मान हलवली, नको म्हणून. पुढे ह्यूस्टनचा तो सगळा ट्रॅफिक होता, आणि गाडीत तो एकटा.

"पडून आहेत," मी म्हटलं.

"फोन त्यांच्या कानाला लाव ना, मावशी. दोन मिनिटं."

काय करू, लावला. त्यांचा कान अजून कोमट होता. कोचचाच आवाज तो, मैदानाच्या पार पलीकडे पोचणारा, आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मी आहे. बाबा, माझी नोकरी गेली. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. सॉरी, बाबा. मी नुसता बसून होतो. मी येऊ शकलो असतो. आता येतोय, जवळच आहे. थांबा हं."

शैलजाने पदर तोंडात कोंबला. मी फोन माझ्या कानाला लावला.

"मावशी, ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं," मी म्हटलं. "हसले जरासे. तू घाई करू नकोस, सावकाश ये."