जोतीराममामांच्या दाराचा अलार्म

“आलारम पडला न्हाय म्हणून मी चोर व्हय, सायेब?”

जोतीराममामा टेबलासमोर उभे होते. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं मी या माणसाचा आवाज फोनवर ऐकत होते, चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आवाजावरून वाटायचं, चांगला आडदांड गडी असेल. हे निघाले काडीपैलवान, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले.

“मग काय म्हणू?” अमरसिंह साहेब म्हणाले. “खोलीचं दार उघडलं की इथं स्क्रीनवर अलार्म पडतोय. त्या रात्री पडला नाही. म्हणजे वायर आधीच काढलेली. वायर कुठं हाय ते गावात एकट्या तुला ठावं. कुलूप फोडलंस ते देखाव्याला.”

हातकणंगल्याच्या पुढं उसाच्या फडात आमच्या कंपनीचा टॉवर आहे. मामा तिथले दिवसपाळीचे राखणदार. रात्री राखणदार ठेवायचं कंपनीच्या जिवावर येतं. आठ दिवसांपूर्वी रात्री कुणीतरी तिथल्या खोलीतल्या बॅटऱ्या पळवल्या आणि साहेबांनी मामांना घरी बसवलं. माझं काम कोल्हापूरच्या ऑफिसात बसून जिल्ह्यातल्या टॉवरांचे अलार्म बघायचे आणि ज्याला त्याला फोन लावायचा.

साहेबांचा तो हिशेबच चुकीचा होता. वायर कुणीच काढली नव्हती. अलार्म मी लपवला होता.

त्या खोलीतला एसी दोन वर्षं बंद आहे. अकरा तक्रारी मी स्वतः टाकल्या. आतली मशिनं तापली की बंद पडतात आणि चार गावांचे फोन मुके होतात. म्हणून मामा रोज दुपारी दार सताड उघडून उंबऱ्यावर बसायचे, आत कुत्रं शिरू नये म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी शाबासकीही दिली नव्हती. पण दार उघडं, की माझ्या स्क्रीनवर लाल ओळ. महिन्याच्या अहवालात त्या ओळी वर जायच्या, वरून साहेबांना बोलणी बसायची. मार्चमध्ये ते म्हणाले, “रूपाली, त्या दाराच्या अलार्मला फिल्टर टाक बघू. डोकं उठवलंय.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! एसी दुरुस्त करायला यांच्याकडं माणूस नव्हता, ओळ दिसेनाशी करायला मात्र मी होते. चार क्लिक केले आणि विसरून गेले.

पण फिल्टर फक्त स्क्रीनवरून ओळ काढतो. मूळ नोंदीत सगळं राहतं. हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही.

“सर, मूळ नोंद काढून बघूया,” मी म्हणाले.

“काही गरज नाही.”

“एक मिनिटाचं काम हाय, सर.”

“रूपाली,” साहेबांनी आवाज खाली आणला, “फिल्टर तुझ्या लॉगिननं पडलाय. विचार करून बोल.”

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, माझाच केला. माझी नोकरी वर्षावर्षाच्या करारावरची. जूनमध्ये करार संपतो.

तेवढ्यात मामा माझ्याकडं वळले. “तुमी रूपालीताई व्हय? मग तुमीच सांगा की. तुमचा फोन आला आन् मी उचलला न्हाय, असं एकदा तरी झालंय का?”

एकदाही झालं नव्हतं.

मी प्रिंट काढली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. रात्री दोन वाजून सतरा मिनिटं, दार उघडले. सकाळी सात वाजून पाच मिनिटं, दार बंद. सात वाजून सहा मिनिटांनी मामांनीच चोरीचा फोन केला होता.

साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. “बरं. वायर शाबूत होती म्हणायची. जा, उद्यापासून ये कामावर.”

“जा काय, सायेब? आठ दिस झालं गाव मला चोर म्हणालंय. तुमच्या माणसानं जीप थांबवून डेरीम्होरं सांगितलं. आता तितंच येऊन सांगा, जोतीराम चोर न्हाय म्हणून.”

साहेब हसले. “मेल टाकतो की.”

“कुणाला? माज्या बायकूला?”

साहेब डबा घेऊन जेवायला गेले. मला त्यांची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची. माणसाची अब्रू घालवायला यांना जीप मिळते, ती परत द्यायची म्हटली की जेवणाची वेळ होते.

रविवारी सकाळी मी एसटीनं त्या गावात गेले. मामा टॉवरवर गेले होते. डेअरीसमोर किटल्यांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी, दोन हात अंतर सोडून एक बाई उभी होती. त्या मामांच्या बायको, झुंबरबाई. आठ दिवस त्यांनी शेजारणीच्या हाती दूध पाठवलं होतं. आज पहिल्यांदा स्वतः आल्या होत्या.

“काय पावणं, कुणाकडं आलायसा?” डेअरीचे सेक्रेटरी हंबीरराव यांनी विचारलं.

“सगळ्यांकडंच,” मी म्हणाले. मी कोण ते सांगितलं. अलार्म पडला होता, साहेबांच्या सांगण्यावरून मीच तो लपवून ठेवला होता, वायरला कुणी हात लावला नव्हता, हेही सांगितलं. मग त्या नोंदीची सोबत आणलेली दुसरी प्रिंट उघडून वाचली.

हंबीररावांनी मापाचं भांडं खाली ठेवलं.

“म्हंजे जोतीरामानं वायर काडली न्हाय?”

“न्हाय.”

“आमी तरी कुठं काय म्हणालतो?” रांगेतून एकजण म्हणाला. दोघातिघांनी माना डोलावल्या आणि रांग पुढं सरकली.

झुंबरबाई सरकल्या नाहीत. किटली खाली ठेवून, पदर सारखा करून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“परत वाचा,” त्या म्हणाल्या. “जरा मोठ्यानं वाचा.”

रांग थांबली. मी पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागले.